कडक गादी आणि अवघडलेला खांदा

प्रश्न : माझे वय ५२ आहे. मी कायम कुशीवर झोपते. माझे वजन ५४ किलो आहे. यजमानांचे ८८ किलो असून ते उताणे झोपतात. आमची जुनी गादी अकरा वर्षांच्या वापराने मधोमध बसली होती आणि सकाळी उठल्यावर माझी कंबर तासभर धरलेली असायची. म्हणून आठ महिन्यांपूर्वी आम्ही ‘ऑर्थोपेडिक’ असा शिक्का असलेली जाड, कडक गादी घेतली. यजमानांची काही तक्रार नाही. माझ्या कंबरेला थोडा आराम आहे, परंतु आता खांदा आणि खुबा दुखतो व पहाटे हाताला मुंग्या येऊन जाग येते. सासूबाई म्हणतात, कडक गादीची सवय व्हायला वेळ लागतो, पण पाठीला तीच चांगली. मुलगी मेमरी फोमचा आग्रह धरते, तर दुकानदार स्प्रिंगची गादी सुचवतो. पुन्हा पैसे वाया जाऊ नयेत अशी इच्छा आहे. कोणती गादी घ्यावी आणि एकाच गादीवर आम्हा दोघांचे जमेल का?

उत्तर : तुम्ही दोन गाद्यांविषयी लिहिले आहे आणि दोन्हींनी तुम्हाला वेगवेगळे दुखणे दिले आहे. जुन्या गादीवर कंबर धरत होती, कारण मधल्या खळग्यात शरीराचा सर्वांत जड भाग, म्हणजे कटिभाग, खाली जात होता आणि कणा रात्रभर वाकलेला राहत होता. नव्या गादीवर खांदा आणि खुबा दुखतो, कारण ती गादी या दोन्ही जागांना मुळी आत जाऊच देत नाही. पहिली गादी आधार देण्यात कमी पडली, दुसरी दबण्यात. या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे लक्षात घेतले की पुढची निवड बरीच सोपी होते. कडकपणा वाढवला की आधार आपोआप वाढतो, या समजुतीमुळेच बहुतेकांची खरेदी फसते. चांगल्या गादीत खालचा थर शरीराला तोलून धरतो आणि वरचा थर हाडांच्या उंचवट्यांना जागा करून देतो. हे दोन्ही एकाच गादीत असू शकते, नव्हे, असायलाच हवे.

कुशीवर झोपलेल्या माणसाचे बहुतेक वजन खांदा आणि खुबा या दोन ठिकाणी एकवटते. त्या दोहोंच्या मधली कंबर आत वळलेली असते. गादी फार कडक असेल तर खांदा व खुबा वरच राहतात, कंबरेखाली पोकळी उरते आणि आधाराविना राहिलेला कणा हळूहळू त्या पोकळीकडे झुकतो. दाबाखालच्या जागी रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून झोपेतच कूस बदलावी लागते, आणि पहाटेपर्यंत खांदा अवघडतो. उताणे झोपणाऱ्याचा भार मात्र पाठ, नितंब आणि पोटऱ्या अशा मोठ्या पृष्ठभागावर पसरतो. त्यामुळे त्याला तुलनेने कडक गादी सहज चालते. त्यात तुमच्या यजमानांचे वजन तुमच्याहून ३४ किलोने अधिक आहे. ज्या गादीत ते दोन-तीन सेंटिमीटर आत जात असतील, तिच्यावर तुम्ही जेमतेम टेकलेल्या असाल. म्हणजे एकच गादी त्यांना मध्यम आणि तुम्हाला फळीसारखी लागते, आणि तुम्ही दोघेही आपापल्या जागी खरेच सांगत असता.

सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. झोळीसारख्या झालेल्या मऊ गादीच्या तुलनेत कडक गादी कंबरेला बरीच वाटते, आणि तुम्हालाही तसाच थोडा आराम पडला आहे. पाठदुखीच्या रुग्णांना गादीखाली फळी घालण्याचा सल्ला पूर्वी डॉक्टरही सर्रास देत असत. परंतु हा सल्ला तपासून पाहिला गेला आहे. स्पेनमध्ये फ्रान्सिस्को कोव्हाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंबरेच्या जुनाट दुखण्याने त्रस्त असलेल्या ३१३ जणांना दोन गटांत विभागून एका गटाला कडक आणि दुसऱ्याला मध्यम कडक गादी दिली. कोणाला कोणती मिळाली हे त्यांना सांगितले नव्हते. ९० दिवसांनंतर मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचे अंथरुणातले दुखणे, उठतानाचे दुखणे आणि दैनंदिन हालचालींतली अडचण ही तिन्ही कडक गादीवाल्यांपेक्षा कमी झालेली आढळली. हा अभ्यास २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात वापरलेल्या युरोपीय मोजपट्टीवर १ म्हणजे सर्वांत कडक आणि १० म्हणजे सर्वांत मऊ. कडक गाद्या २.३ च्या, तर मध्यम गाद्या ५.६ च्या होत्या. म्हणजे ‘मध्यम’ गादी खरोखरच पट्टीच्या मधोमध होती, कडकपणाकडे झुकलेली नव्हती. अर्थात ही गटांची सरासरी आहे. तुमच्या वजनाच्या आणि कुशीवर झोपणाऱ्या व्यक्तीला मध्यमपेक्षाही किंचित मऊ पृष्ठभाग सोसतो, असे मी म्हणेन. राहिला सवयीचा प्रश्न. नव्या गादीशी जुळवून घ्यायला शरीराला दोन ते चार आठवडे लागतात; आठ महिन्यांनंतरही खांदा दुखत असेल तर आता सवय होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

‘ऑर्थोपेडिक’ या शिक्क्याविषयी थोडे परखडच लिहावे लागेल. सर्व उत्पादकांनी पाळावी अशी कोणतीही एक वैद्यकीय कसोटी त्या शिक्क्यामागे नाही. बहुतेक ठिकाणी त्याचा व्यवहारातला अर्थ ‘कडक’ एवढाच होतो. अशा अनेक गाद्यांच्या गाभ्यात फोमचे तुकडे चिकटवून, दाबून केलेला रिबॉन्डेड फोम असतो. तो टिकाऊ असतो आणि जड शरीराला चांगला तोलतो, परंतु त्याच्यावर पुरेसा जाड मऊ थर नसेल तर हलक्या आणि कुशीवर झोपणाऱ्या व्यक्तीला तो टोचतो. तुमच्या गादीच्या लेबलावर हा शब्द आहे का, ते एकदा पाहा.

आता मुलगी आणि दुकानदार यांच्या सूचनांकडे वळू. मेमरी फोमचा जन्म १९६६ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेच्या एम्स केंद्रासाठी झाला. चार्ल्स योस्ट यांनी तो विमानातील आसनांसाठी तयार केला होता आणि गाद्यांच्या बाजारात तो १९९० च्या दशकात रुळला. तो शरीराच्या उष्णतेने आणि वजनाने सावकाश दबतो व दाब काढल्यावर सावकाशच वर येतो. तळहात दाबून उचलला तर ठसा काही क्षण तसाच दिसतो. खांद्याला आणि खुब्याला जागा करून देण्यात त्याचा हात धरणारे फार थोडे आहेत, आणि शेजारच्याने कूस बदलली तरी त्याची हालचाल तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. मात्र तो उष्णता धरून ठेवतो, थंडीत ताठर होतो आणि त्यात रुतल्यावर कूस बदलायला थोडे बळ लागते. वयाच्या या टप्प्यावर अनेक स्त्रियांना रात्री अचानक उकडून घाम येतो. तुम्हाला तसा त्रास असेल तर मेमरी फोमचा जाड थर टाळावा आणि लॅटेक्सचा विचार करावा. रबराच्या चिकापासून केलेले नैसर्गिक लॅटेक्स लगेच दबते आणि लगेच वर येते, त्यात हवा अधिक खेळते आणि ते वर्षानुवर्षे टिकते. ते जड असते, महाग असते, आणि रबराच्या चिकाची ॲलर्जी असणाऱ्यांनी त्यापासून दूर राहावे.

स्प्रिंगच्या गाद्या दोन प्रकारच्या असतात आणि दुकानदाराने तुम्हाला कोणती सुचवली हे पत्रातून कळत नाही. बॉनेल प्रकारात डमरूच्या आकाराच्या स्प्रिंगा तारेने एकमेकींना जोडलेल्या असतात. एक दबली की आजूबाजूच्याही दबतात, त्यामुळे ८८ किलोचा माणूस कूस बदलतो तेव्हा ५४ किलोचे माणूस हेलकावते. पॉकेट प्रकारात प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या वेगळ्या पिशवीत असते. ही कल्पना कॅनडातील जेम्स मार्शल यांनी १९०० च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. या गादीत खांद्याखालची स्प्रिंग दबली तरी कंबरेखालची उभी राहून आधार देते. जोडप्यासाठी स्प्रिंगची गादी घ्यायची तर पॉकेट स्प्रिंगच घ्यावी, आणि तिच्यावर चार-पाच सेंटिमीटरचा मऊ थर असावा. काथ्याच्या गादीत हवा छान खेळते, पण ती मुळातच कडक असते, आणि वर्षानुवर्षांच्या वापराने जेथे माणूस झोपतो तेथे काथ्याचा भुगा होऊन ती बसते. कापसाच्या गादीचेही तेच. ती वेळोवेळी पिंजून घेतली तरच उपयोगी.

फोमच्या गादीत सर्वाधिक फसवणूक घनतेच्या बाबतीत होते, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. एक घनमीटर फोमचे किलोतील वजन म्हणजे त्याची घनता, दुकानाच्या भाषेत ‘डेन्सिटी’. घनतेवरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो. तो मऊ आहे की कडक, हे त्यावरून ठरत नाही, कारण एकाच घनतेचा फोम मऊही बनवता येतो आणि कडकही. आधाराच्या थरासाठी ३२ किंवा त्याहून अधिक घनतेचा फोम, आणि जड व्यक्तीसाठी ४० च्या आसपासचा, अशी अपेक्षा ठेवावी. मेमरी फोम ५० च्या खालचा असेल तर तो लवकर ढिला पडतो. रिबॉन्डेड फोमची घनता मात्र ८० ते १०० पर्यंत असते, कारण तो दाबूनच बनवलेला असतो. त्या आकड्याची तुलना साध्या फोमशी करून तो दुप्पट-तिप्पट चांगला आहे, असे कोणी सांगितले तर ते मनावर घेऊ नये.

घनतेचा दावा घरीही पडताळता येतो. समजा, गादी १.९ मीटर लांब, १.५ मीटर रुंद आहे आणि तिच्यातील फोमचा थर १० सेंटिमीटर जाड आहे. तिचे आकारमान ०.२८५ घनमीटर होते. घनता खरोखर ३२ असेल तर तेवढ्या थराचे वजन ९ किलोच्या थोडे वर भरेल. १८ घनतेचा फोम असेल तर ते ५ किलोच्या आसपासच राहील. एवढा फरक साध्या वजनकाट्यावरही लपत नाही. काही उत्पादक फोममध्ये खडूसारखी भुकटी मिसळून वजन वाढवतात, त्यामुळे वजन जास्त भरले म्हणून फोम चांगलाच असेल असे म्हणता येत नाही. मात्र ते कमी भरले तर दावा खोटा आहे हे निश्चित समजावे.

एवढे वाचून तुम्ही नवी गादी आणायला निघाल, त्याआधी थांबावे असे मी सुचवतो. तुमची सध्याची गादी आठ महिन्यांचीच आहे, यजमानांना ती मानवते आणि तुमच्या कंबरेलाही तिच्यावर बरे वाटते. म्हणजे तिचा आधाराचा थर ठीक दिसतो. उणीव आहे ती वरच्या मऊ थराची. हा थर टॉपर म्हणून वेगळा मिळतो. तुमच्या बाजूला पाच सेंटिमीटरचे मऊ लॅटेक्स किंवा चांगल्या घनतेचा मेमरी फोम आणि यजमानांच्या बाजूला तेवढ्याच जाडीचा कडकसर फोम, असे दोन तुकडे शेजारी ठेवून त्यावर एकच ताणून बसणारी चादर घातली, तर मध्ये पायरी राहत नाही आणि दोघांचेही भागते. जाडी पाच सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर खुब्याला फरक जाणवत नाही, आणि आठच्या पुढे गेली तर कंबर पुन्हा खाली जाऊ लागते. टॉपरने कडक गादी मऊ करता येते, पण बसलेली गादी उचलून धरता येत नाही, त्यामुळे हा उपाय जुन्या गादीवर करून काही उपयोग झाला नसता. नव्या गादीवर मात्र तो आधी करून पाहणे हाच शहाणपणाचा आणि कमी खर्चाचा मार्ग आहे.

त्यासोबत पलंगही तपासून पाहा, कारण बसलेल्या पलंगावर ठेवलेली नवी गादीही काही महिन्यांत बसते. गादी उचलून ठेवा आणि पलंगाच्या डोक्याकडून पायाकडे, तसेच एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोरी ताणून धरा. दोरी आणि फळी यांच्यामध्ये कोठे बोटभर फट दिसते का, ते पाहा. फळ्यांच्या पलंगात दोन फळ्यांमधील अंतर सात-आठ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावे, आणि दोघांच्या पलंगाला मध्यभागी पाय असावा. तो अनेकदा नसतो किंवा जमिनीला टेकतच नाही. सलग प्लायवूड असेल तर त्याला हवेसाठी भोके हवीत, नाहीतर घामाचा ओलावा गादीच्या तळाशी साचून बुरशी धरते. शंका असेल तर गादी चार-पाच रात्री थेट जमिनीवर टाकून झोपून पाहावे. जमिनीवर दुखणे कमी झाले तर दोष पलंगात आहे.

उशीचाही खांद्याच्या दुखण्याशी जवळचा संबंध असतो, आणि पत्रात तिचा उल्लेखही नाही. कुशीवर झोपल्यावर खांद्याचे टोक आणि कान यांच्यामधली पोकळी उशीने भरली पाहिजे. उशी पातळ असेल तर डोके खाली झुकते आणि सगळा भार खालच्या खांद्यावर येतो. फार जाड असेल तर मान उलट दिशेला वाकते. टॉपर घातल्यावर खांदा आत जाईल, म्हणजे आज योग्य वाटणारी उशी उद्या उंच वाटेल, हे ध्यानात ठेवावे. एक लहान उशी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घेतली तर वरचा पाय पुढे घसरून कंबर पिळवटत नाही. यजमानांनी गुडघ्यांखाली उशी घेऊन पाहायला हरकत नाही.

टॉपर, उशी आणि पलंग या तिन्हींनी चार आठवड्यांत पुरेसा फरक पडला नाही, तरच नव्या गादीकडे वळावे. त्या वेळी दोघांनी मिळून दुकानात जावे, आणि शक्यतो दिवसभराच्या दगदगीनंतर जाऊ नये, कारण थकलेल्या अंगाला कोणतीही गादी गोड लागते. गादीवर प्लास्टिकचे आवरण असेल तर ते काढायला सांगावे; प्लास्टिक ताणले जाऊन मऊ गादीही कडक भासते. काठावर बसून हाताने दाबून पाहण्याने काहीच कळत नाही. स्वतःची उशी सोबत न्यावी आणि ज्या कुशीवर रात्री झोपता त्याच कुशीवर किमान दहा-पंधरा मिनिटे निवांत पडून राहावे. विक्रेता शेजारी उभा राहून बोलत असेल तर त्याला थोडा वेळ बाजूला जाण्याची विनंती करण्यात संकोच बाळगू नये. या वेळी यजमानांना पाठीमागून तुमचा फोटो काढायला सांगा: मानेपासून माकडहाडापर्यंतची रेषा गादीशी समांतर दिसली पाहिजे. मध्यभाग खाली झुकलेला दिसला तर एकतर गादी मऊ आहे, किंवा ती इतकी कडक आहे की खांदा व खुबा आत गेलेच नाहीत. कंबरेखाली हात घालून पाहिला की दोहोंतले कोणते ते कळते. हात पोकळीत सहज फिरला तर गादी कडक आहे. हात घालायलाच जागा नसेल आणि खुबा खोल गेलेला असेल तर ती मऊ आहे. अंगाला लागून पण ओढाताण न करता हात सरकला तर ती तुमच्यासाठी योग्य आहे. यजमानांनी उताणे झोपून हीच कसोटी करावी. त्यानंतर दोघांनी एकत्र झोपून एकाने कूस बदलावी आणि दुसऱ्याला किती हादरा बसतो ते पाहावे. शेवटी काठावर बसावे. काठ फार दबत असेल तर पलंगाची वापरता येण्याजोगी रुंदी कमी होते आणि उठताना तोल जातो.

एकाच गादीवर दोघांचे जमेल का, असे तुम्ही विचारले आहे. वजनात एवढा फरक असताना आणि झोपण्याची पद्धतही भिन्न असताना, माझ्या मते, एकाच पलंगावर सारख्या उंचीच्या दोन स्वतंत्र गाद्या ठेवणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. काही उत्पादक एकाच गादीचे दोन अर्धे भाग वेगवेगळ्या कडकपणाचे करून देतात, तेही चालते. एकच गादी घ्यायची असेल तर निवड तुमच्या खांद्यावरून करावी आणि यजमानांचे वजन पेलेल असा आधाराचा थर मागावा, कारण दबून अवघडणारा खांदा दररोज झोपमोड करतो, तर उताण्या झोपणाऱ्याला वरचा थर थोडा मऊ असला तरी खालचा थर भक्कम असल्यास चालून जाते.

जाडीविषयी फार विचार करू नये. पंधरा ते पंचवीस सेंटिमीटरच्या दरम्यान सर्व काही बसते; त्यापुढची जाडी बहुतेक वेळा स्वस्त फोमने भरलेली असते. त्यापेक्षा पलंगासह गादीची एकूण उंची पाहावी: काठावर बसल्यावर पावले जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत आणि गुडघे काटकोनात आले पाहिजेत. सासूबाई त्या पलंगावर कधी झोपत असतील तर हे अधिकच महत्त्वाचे.

पहाटे हाताला येणाऱ्या मुंग्यांबाबत मात्र सर्व दोष गादीला देण्याची घाई करू नये. ज्या कुशीवर झोपता त्याच बाजूच्या हाताला मुंग्या येतात आणि कूस बदलल्यावर त्या काही मिनिटांत जातात, असे असेल तर दाबाचा संशय रास्त आहे. परंतु मुंग्या अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांतच येत असतील, कोणत्याही कुशीवर येत असतील किंवा हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर मनगटातून जाणारी नस दाबली जात असण्याची शक्यता आहे. मध्यमवयीन स्त्रियांमध्ये हा त्रास बऱ्यापैकी आढळतो आणि त्यावर गादीचा उपाय चालत नाही. मानेतील नस दबल्यानेही हात बधिर होतो. मुंग्या दिवसाही येऊ लागल्या, हातातून वस्तू निसटू लागल्या किंवा पकड सैल झाली, तर डॉक्टरांना दाखवावे. कंबरदुखीच्या बाबतीतही तेच. उठल्यावर तासाभरात सुटणारी कंबर गादीकडे बोट दाखवते. दिवसरात्र सारखीच राहणारी, कोणत्याही स्थितीत न थांबणारी, पायात अशक्तपणा आणणारी, किंवा ताप व वजन घटणे यांसह येणारी कंबरदुखी गादी बदलून बरी होत नाही. लघवी किंवा शौचावरचे नियंत्रण गेले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

टॉपर असो वा गादी, घेताना परत करण्याच्या अटी लेखी मागून घ्याव्यात. अनेक उत्पादक घरी झोपून पाहण्यासाठी ठरावीक रात्रींची मुदत देतात, परंतु डाग पडलेला माल परत घेत नाहीत, आणि वॉरंटीही त्याच कारणाने नाकारली जाते. म्हणून पहिल्या रात्रीपासूनच धुता येण्याजोगे संरक्षक आवरण घालावे. वॉरंटीच्या कागदावर किती सेंटिमीटर खळगा पडल्यास गादी बदलून मिळेल, हा आकडा शोधावा. अडीच आणि चार सेंटिमीटर यांत बराच फरक आहे. नव्या फोमला एक-दोन दिवस रासायनिक वास येतो, तेव्हा तो उघड्या हवेशीर खोलीत ठेवावा. दर तीन-चार महिन्यांनी गादीचे डोके पायाकडे फिरवावे; दोन्ही बाजूंनी वापरता येते असे लेबलावर लिहिले असल्याशिवाय ती उलथी करू नये.

टॉपर घातल्यापासून रोज सकाळी खांदा, खुबा आणि कंबर यांचे दुखणे शून्य ते दहा या पट्टीवर वहीत नोंदवत जा. पहिल्या आठवड्यातील आकड्यांना फारसे महत्त्व देऊ नका. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यातील आकडे पाहून, परतीची मुदत संपण्याच्या किमान आठ दिवस आधी निर्णय घ्या, कारण माल घेऊन जायला माणूस येण्यातही तेवढे दिवस जातात.